मुरारीचं दादापण

चाकणच्या अलीकडं मुरारीच्या बापाची ज्वारीची जमीन होती. आता तिथं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उगवल्यात. पेरणी नाही, खुरपणी नाही. पीक मात्र दर महिन्याला. खोली मागायला कुणी आला की मुरारी खुर्चीतून न उठता नियम सांगे, "मालक म्हणायचं न्हाई. दादा म्हणायचं."

भाडेकरू म्हणत. पण प्रत्येक जण आपापल्या मुलखातला दादा घेऊन आला होता. बंगाली वेल्डरचा दादा थोरला भाऊ, म्हणून तो हक्कानं बुलेट मागे. बिहारच्या पोरांचा दादा म्हणजे आजोबा. ती मुरारीला हाताला धरून जिना उतरवत. मुंबईत राहून आलेला एक जण दोन पावलं मागं सरे, कारण तिकडं दादा म्हणजे गुंड. आणि गेटवर राखणीला बसणारे, साठी उलटलेले, लातूरकडचे अर्जुनराव आपल्या तीन वर्षांच्या नातवाला भरवताना म्हणत, "खा रे माझ्या दादा."

शाळेतले मास्तर सांगत, हा शब्द संस्कृतातल्या 'तात'वरून आला. मुरारीची खात्री होती, तो त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून आला.

एवढ्या दादापणाला एकच उणं होतं. छत्तिशी सरली, तरी लग्न जमत नव्हतं. म्हणून देहूची वर्षाली आईबापाबरोबर घर बघायला येणार म्हटल्यावर मुरारीनं रविवारी सगळ्या भाडेकरूंना अंगणात उभं केलं. "पावनं आले की पाया पडायचं. दादांचा मान दिसला पायजे."

वर्षाली तळवड्याच्या कंपनीत कामाला. ती पायरीवर चढली आणि रांग हलली. पोरं वाकली, वेल्डर वाकला. शेवटी अर्जुनराव गुडघ्यावर हात टेकत वाकू लागले. मुरारीनं पाय थोडा पुढं केला.

वर्षालीनं धावत जाऊन म्हाताऱ्याचा दंड धरला. "आजोबा, हे काय करताय?"

"दादा हायती ना, पोरी."

"तुमच्यापेक्षा मोठे आहेत?"

अर्जुनराव हसले. "न्हाई गं. माझा थोरला यांच्याच वयाचा हाय."

वर्षाली मुरारीकडं वळली. "मग तुम्ही दादा कसले?"

"दादा म्हंजे... मोठा माणूस," मुरारी म्हणाला.

"कशानं मोठा?"

मुरारीनं खोल्यांकडं बघितलं, बुलेटकडं बघितलं, गेटवरच्या फ्लेक्सकडं बघितलं. फ्लेक्सवरचा मुरारी गॉगल लावून नमस्कार करत होता.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाले. जाताना वर्षाली अर्जुनरावांच्या पाया पडली आणि गाडीत बसली. निरोप काय येणार, ते सगळ्या अंगणाला तेव्हाच कळलं.

"मुऱ्या," आतून त्याची आई गवराबाई ओरडली, "पोहं उरल्यात. गिळ आता."

संध्याकाळी मुरारी गेटवर आला. अर्जुनराव उठू लागले, तसा त्यानं हातानं त्यांना बसवलं. "काका, उद्यापासनं मुरारी म्हणा."

"बरं, दादा," अर्जुनराव म्हणाले आणि नातवासाठी ठेवलेल्या चुरमुऱ्यांतली एक मूठ त्यांनी मुरारीपुढं धरली. "खा."

हा कुठला दादा, ते मुरारीला बरोबर कळलं. त्यानं मुकाट्यानं ओंजळ पुढं केली.