बर्फवाल्याचा तळहात

विमानतळावर सगळे त्याला बर्फवाला म्हणत. पंचवीस वर्षं विमानांचा मेकॅनिक, आणि नाव काय, तर बर्फवाला. हे बारसं केलं होतं त्याच्या मेहुण्यानं, बायकोच्या सख्ख्या थोरल्या भावानं. तो तिथंच शिफ्टचा साहेब होता.

नऊ वर्षांपूर्वी भर उन्हात एक विमान उतरलं. विमानाची टाकी पंखाच्या पोटातच असते. वर आभाळात इंधन गारठतं, आणि उतरताना टाकीत बरंच उरलं असलं की पंखाचा वरचा पत्राही गार पडतो. खाली दमट हवा लागली की त्यावर काचेसारखा बर्फ धरतो. डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतो. असा पंख घेऊन उडालं तर विमान पडूही शकतं. बर्फवाल्यानं शिडी लावून हात फिरवला आणि म्हणाला, विमान थांबवा. मेहुणा हसला. "या उन्हात बर्फ? घरचा फ्रीज उघडा राहिलाय का?" तो रमतगमत वर चढेपर्यंत टाकीत कोमट इंधन पडलं होतं आणि बर्फ वितळला होता. साहेबानं लिहून टाकलं, खोटी तक्रार. बर्फवाल्याची तीन वर्षं गोदामात गेली. वर बायको म्हणाली, "दादा उगाच कशाला लिहील?" ते वाक्य त्याला गोदामापेक्षा जड गेलं.

झालं गेलं विसरावं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? हा विसरला नाही, दबा धरून बसला.

आज मेहुण्याचा नोकरीतला शेवटचा दिवस. गळ्यात हार. आणि तसंच ऊन, तसंच विमान. बर्फवाल्यानं पंखावर तळहात टेकला आणि त्याला भारी आनंद झाला. या वेळी त्यानं आधी इंधनाच्या गाडीवाल्याला बजावलं, "मी सांगेपर्यंत पाइप लावायचा नाही." मग साहेबांना बोलावणं धाडलं.

मेहुणा हारासकट शिडी चढला. खाली अख्खी शिफ्ट माना वर करून उभी होती.

"हात ठेवा," बर्फवाला म्हणाला.

"कळलं मला. थांबवू विमान."

"ठेवा. मी म्हणेन तेव्हा काढा."

मेहुण्यानं ठेवला. बोटं लालबुंद झाली, तेव्हा कुठे बर्फवाल्यानं बायकोला फोन लावला आणि त्याच हातात दिला.

"सांगा तुमच्या बहिणीला."

मेहुण्यानं खाली जमलेल्या शिफ्टकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अगं, तेव्हा पत्रा ओला होता, बर्फ वितळून. मी पाहिलं होतं."

पलीकडून बायको काहीतरी विचारत होती. बर्फवाल्यानं फोन घेतला आणि बंद केला. नऊ वर्षं तो थांबला होता. तिनं संध्याकाळपर्यंत थांबावं.