लेकानं आवळलेले दुर्बिणीचे स्क्रू

अगं बायांनो, आज दुपारी आमच्या घरात रायफलीची दुर्बीण माझ्या सांगण्यावरनं बसली! हसू नका, आधी वाचा.

माझी नात शीतल एअर रायफल चालवते. परवा कारवारला तिची निवड चाचणी हाय. आणि आज सकाळपासनं गोळ्या एक हितं, एक तितं. पोर रडकुंडीला आली.

मी चष्मा लावून बघितलं. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू काल माझ्या लेकानं आवळलेले. कड्याच्या दोन अर्ध्या भागांमधली एका बाजूची फट पार मिटलेली, दुसरीकडं नख जाईल एवढी उघडी.

"जीपचं चाक समजलास काय रं?"

"घट्ट हाय की आये! तुला काय कळतंय त्यातलं?"

म्हटलं, लोणच्याच्या बरणीचं फडकं एकाच बाजूनं ओढलं तर दुसरीकडनं मुंग्या शिरतात, एवढं कळतंय.

रायफल रिकामी करून सगळे स्क्रू सैल करायला लावले. मग शीतलनं एक थोडा फिरवला, मग त्याच्या तिरक्या समोरचा थोडा, असं फिरून फिरून. दोन्हीकडं फट सारखी. दोन बोटांनी पाना फिरेना झाला, की थांबली.

नेम परत जुळवून तिनं पाच गोळ्या मारल्या. पाचही सुपारीएवढ्या जागेत! मी अंगणात शिट्टीच मारली, शेजारीण धावत आली.

लेकाला सांगितलंय, निवड होईपर्यंत रायफलीला हात लावलास तर ताटाला लावू नको.

तुमच्या घरात असा जोर दाखवणारा कोण हाय? नाव लिवा, लाजू नका.