पाळण्याशी दिलेला नकार

माझ्या मुलाचा ताप न सांगता यायचा, दोन-तीन दिवस मुक्काम ठोकायचा, पोट आणि गुडघे दुखवून निघून जायचा. पिंप्राळ्यातल्या डॉक्टरांनी कधी मलेरिया म्हटलं, कधी टायफॉइड. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं काही वर्षं चाललं. सासूबाई दृष्ट काढायच्या. त्यांच्या मिरच्यांनी निदान अपाय तरी होत नव्हता. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या.

शेवटी धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या रक्ताची जनुकीय तपासणी करवली. ताप जंतूंचा नव्हताच. शरीरातली सूज आवरणारं एक जनुक बिघडलेलं होतं. नवऱ्याकडे त्याची एक प्रत बिघडलेली, माझ्याकडेही एक. दुसरी धड म्हणून आम्हाला त्रास नाही. मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या.

"नात्यातलं लग्न का?" त्यांनी विचारलं.

गोळी आयुष्यभर घ्यायची, नाहीतर मूत्रपिंडावर बेतेल. आत्याला मी एवढंच सांगितलं, की गोळी लागू पडली. सासुरवास मला ठाऊक नाही, तो तिच्यामुळे. तिला पुढचं, नात्यातल्या लग्नाचं, कोणत्या तोंडाने सांगणार?

मग धरणगावला भावाच्या मुलीचं बारसं आलं. आमच्याकडे आत्याने भाचीला पाळण्यातच सून म्हणून मागायचं आणि भावाने हो म्हणायचं. माझंही लग्न असंच ठरलेलं. बाया हसून म्हणाल्या, "सांग वं, हाई पोर तुनीच सून ना?"

"नाही," मी म्हणाले. हसून वेळ मारून नेता आली असती, पण इकडे शब्द दिला की दिला.

भावाचं तोंड उतरलं. "मनी पोर तुले जड व्हयनी का?"

मग सगळ्यांदेखत सांगावंच लागलं. माझ्या मुलाकडून बिघाड जाणारच. ही पोरही आमच्याच रक्ताची; तिच्याकडूनही गेला, तर त्यांच्या लेकरांनाही हेच दुखणं. पाळण्याची दोरी माझ्या आत्याच्या हातात होती. पाळणा थांबला.

घरी निघताना तिने मला बाजूला घेतलं. "मी तुले मांगं नसतं, ते मना नातूले हाऊ ताप उना नसता ना वं?"

नसता आला. पण मग हा नातूही नसता. हे तिला सांगायला हवं होतं. मला रडूच कोसळलं.

ताप अजून अधूनमधून येतो. पूर्वी तापात आत्या मुलाला मांडीवरून उतरू द्यायची नाही. आता तो "आजी, ये ना" म्हणून हात पुढे करतो, आणि ती दारातच उभी राहते. आपला हात त्याला लागू नये, असं तिला वाटतं.