चालू पाण्यात बदललेला कॉक

आमच्या मोरीतला कॉक सहा महिने गळत होता. घरात येणारं सगळं पाणी त्याच एका कॉकने बंद करायचं. मी त्याखाली डबा ठेवायचे, भरला की ओतायचे. नवरा म्हणायचा, रविवारी बघू.

मग पाणी भिंतीत मुरून खालच्या घरात उतरलं. खालच्या वहिनी जिन्यात भेटल्या.

"काय गं, आता आम्ही छत्री घेऊन आंघोळ करायची का?"

जिन्यातले सगळे हसले. मीही हसले, आणि घरात येऊन रडले.

त्याच आठवड्यात गावाहून भावाचा फोन आला. आईने अंथरूण धरलं होतं, दोन दिवस तोंडातून शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने निघायचं ठरलं. घर आठ दिवस बंद राहणार, म्हणून आधी कॉक बदलून घ्यायचा होता. सकाळी नवरा कामावर गेला आणि प्लंबर आला.

"ताई, गच्चीवरून लाइन बंद करावी लागेल. चार घरं आहेत हिच्यावर. सांगून या, अर्धा तास पाणी येणार नाही म्हणून."

आमच्या बिल्डिंगमध्ये तशी रीतच आहे. दार वाजवून सांगितल्याशिवाय कोणी लाइन बंद करत नाही. त्या चारांत खालच्या वहिनींचंही दार होतं. मी चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"चालू पाण्यात नाही का होणार?"

"होईल ना. पण पाइपावर हात तुम्हाला धरावा लागेल. सोडलात तर वाट लागली."

जुना कॉक निघाला तसा मी पाइपाच्या तोंडावर तळवा दाबला. बोटांतून पाणी उडून पदर भिजला. नव्या कॉकचे आटे बसेनात. प्लंबर तो काढून पुन्हा सुतळी गुंडाळायला बसला, आणि स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला.

"वाजू द्या ताई, हात हलवू नका."

वाजून थांबला. पुन्हा वाजला. गावचाच असणार, त्या वेळी मला दुसरं कोण फोन करतं? जरा तुम्ही धरता का, आईचा फोन आहे, एवढंच म्हणायचं होतं. समोर परका पुरुष. त्याला हातातलं काम टाकायला सांगायची लाज वाटली. फोन तिसऱ्यांदाही वाजला. मी तळवा दाबून उभी राहिले.

कॉक बसला. मी ओल्या हातानेच फोन लावला.

"खंय होतंस गो तू?" भाऊ ओरडला. "आयेन डोळे उघडल्यान, तुझा नाव घेतल्यान. मी फोन तिच्या कानाक लावन बसलंय."

"मग आता दे ना तिला."

"आता नाय बोलणा ती."

दुपारी आई गेली.

गावी सगळ्या बायकांसमोर भावाने विचारलं, एवढं काय काम होतं? मी म्हटलं, पाणी भरत होते. चार दारं वाजवायला लाजले, हे सांगवलं नाही. नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही.

आईला काय बोलायचं होतं ते भावालाही ठाऊक नाही. तो एवढंच सांगतो, की माझ्या घरी वाजणारी रिंग तिला कानात ऐकू येत होती, आणि ती बंद पडली की आई त्याला खुणेने सांगायची, परत लाव.