जीपला पाणी पाजणारा माणूस

एखादा माणूस प्यालेला आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता? अंगाला येणाऱ्या वासावरून? की त्याच्या हातातली गाडी रस्त्यावर कशी चालते, त्यावरून? मी दोन्हींवरून ठरवलं होतं, आणि ठरवलेलं छापूनही टाकलं होतं.

माझ्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सभांना जात आणि येताना पत्रकं आणत. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहू लागले, बहुतेक दारूविरुद्ध. सानगडीत आम्ही सात-आठ बाया मिळून ती वाटायचो.

गावात तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार होता. त्यानं लिलावातली जुनी मिलिटरी जीप घेतली होती. जंगलात नाले, बुंधे, धानाच्या बांध्यांचे, म्हणजे खाचरांचे, धुरे. जीपचं पोट सगळीकडे घासायचं. म्हणून त्यानं ती उंच करून घेतली. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटे घातले, पाटे ज्या लोखंडी कानांना लटकतात ते कान लांब करून घेतले, टायर मोठे लावले. जीप वीतभर वर गेली. बायांना चढायला डबा उलटा ठेवावा लागायचा.

ड्रायव्हर दिघोरीचा, चाळिशीचा माणूस. जीपच्या आधी तो बैलबंडी हाकायचा. चैत्रात त्याच जीपमधून वाळत घातलेल्या मोहफुलांची पोती जायची, मग वैशाखात तेंदूचा पत्ता आणि तो तोडणाऱ्या बाया. मोहाचा वास सीटला, ताडपत्रीला आणि त्याच्या सदऱ्याला बसलेला असायचा.

त्याची एक सवय साऱ्या रस्त्याला ठाऊक होती. दुपारी तो वाटेवरच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, जीपची पुढची चाकं आसापर्यंत पाण्यात घालायचा आणि पाळीवर बिडी ओढत तासभर बसायचा. जीपमधल्या बाया त्याला सोडत नसत.

"काहून गा, म्हैस आहे का ते? पाणी पाजून राहिला!"

"तहान लागते वो तिले. तू नाई पीत का?"

"मी पाणी पितो बाप्पा. तू काय पितेस ते गाडीले इचारतो."

सगळ्या खिदळायच्या. तोही हसायचा. येता-जाता हे माझ्या कानावर पडायचं, पण मी नाही हसायचे. मी मनात टिपून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात मी एकदाच त्या जीपमध्ये बसले. पत्ता गोळा होतो ती जागा, आम्ही तिला फळी म्हणतो, तिथं पत्रकं वाटायला निघाले होते. जीप सुटली तेव्हापासून सीटखाली थरथर होती, दात वाजतील अशी. डांबरी रस्ता आला, गाडीनं वेग घेतला आणि एक चाक खड्ड्यात आदळलं. मग जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. स्टेअरिंग त्याच्या हातात डावीकडे-उजवीकडे झटके देऊ लागलं. बॉनेट नाही-नाही म्हणणाऱ्या माणसासारखं हलत होतं. त्यानं पूर्ण अंग स्टेअरिंगवर टाकलं, वेग उतरवत नेला आणि गाडी थांबवली.

"काय झालं हो?"

"काई नाई ताई. सुकली आज. बोडी आटून राहिली."

हे शुद्धीतल्या माणसाचं बोलणं नाही, असं माझं तिथल्या तिथं ठरलं. वास तर होताच.

आठवडाभरानं ती जीप उलटली. भर दुपारी, बाया आणि पत्त्याची पोती घेऊन येताना. डांबरी रस्ता सोडून नाली ओलांडून बांधीत गेली आणि पालथी झाली. आमच्या घरापासून तिसऱ्या घरातली बाई तिच्याखाली गेली. मी पोचले तेव्हा चौघांनी जीप उचलून धरली होती आणि तिला ओढून काढत होते. पत्त्याचे पुडके बांधायची दोरी तिच्या कमरेला तशीच होती. तिचा नवरा तिच्याशेजारी बसून दोरीची गाठ सोडू लागला. कितीतरी वेळ त्याला ती सुटेना.

ठेकेदारानं पोलिसांना सांगितलं, ड्रायव्हर प्याला होता. पोलिसांनी लिहून घेतलं आणि त्याला अटक केली. दोन दिवसांत मीही लिहिलं. भंडाऱ्याला जाऊन छापून आणलं. त्यात एक वाक्य होतं: भर उन्हात जीप बोडीत उभी करून बसणारा माणूस शुद्धीत असतो काय? ते वाक्य मला फार आवडलं होतं. ठेकेदारालाही आवडलं. त्यानं माझ्याकडून गठ्ठा मागून नेला आणि स्वतःच्या माणसांकरवी भिंतींना डकवला. ज्याच्याविरुद्ध मी लिहायला हवं होतं, तो माझं लिखाण वाटत फिरत होता, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

मग ड्रायव्हरची बायको आली. दिघोरीहून एकटी. हातात माझं पत्रक. तिला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. मी आत बोलावलं, तर उंबऱ्यापाशीच थांबली.

"हे तुमी लिवलं?"

"हो."

"त्याले पिताना पाह्यलं?"

"वास येत होता त्यांच्या..."

"मोहाचा वास माह्या लेकराच्या फ्रॉकले बी येते. ते दोन वर्साची आहे. तिचं बी छापा मंग."

मी पत्रक घ्यायला हात पुढे केला, तिनं दिलं नाही.

"गाडी पाण्यात काहून ठेवते, इचारलं त्याले?"

"नाही."

"तुमच्या घरी बंडी नाई का? उन्हाळ्यात चाक सुकते, लोखंडाची धाव ढिली होते. मंग चाक बोडीत टाकता का नाई? लाकूड फुगते, घट्ट होते. तसंच ते."

"पण जीपच्या चाकात लाकूड कुठं असतं?"

"मले नाई समजत. तो सांगे, पुढं लाकूड आहे म्हणून. जाऊन पाहा. तुमाले तं वाचता बी येते."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं भंडाऱ्याला गेले आणि ट्रकची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाठलं. तो आधी यायला तयार नव्हता. मग त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "थरथर बुडाखाली होती का हातात?"

मी म्हटलं, "आधी सीटखाली. मग खड्ड्यानंतर स्टेअरिंगमध्ये."

"दोन बिमाऱ्या आहेत मंग," तो म्हणाला आणि पिशवीत पाने भरू लागला. "बुडाखालची शाफ्टची. गाडी उंच केली, शाफ्ट तिरपा झाला, त्याचा जोड, क्रॉस, कुरकुर करते. त्यानं कंबर जाते, जीव नाई जात. हातातली वेगळी."

जीप ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली सरळ करून ठेवली होती. ड्रायव्हरची बायको आधीच येऊन बसली होती. हवालदार म्हणाला, "हात लावा, नेऊ नका काही." मिस्त्रीनं पुढचा भाग जॅकवर घेतला. चाक डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवलं. काही नाही. मग वर आणि खाली धरलं आणि मला म्हणाला, "धरा, हलवा." मी हलवलं. आत ठक्क झालं. आणखी हलवलं, आणखी ठक्क.

"चाक ज्या खिळीवर वळते, त्या किंगपिनचं बेरिंग खाल्लं. पण एवढ्यानं गाडी अशी नाचत नाई." तो खाली सरकला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "या ताई, पाहा तुमचं लाकूड."

मी पदर खोचून आत सरकले. पाटा आणि आस यांच्यामध्ये बाभळीची पाचर होती, दोन्ही बाजूंना एकेक. सुताराच्या हातची, नीट तासलेली. ती आवळून धरणारे नट मिस्त्रीनं बोटानं फिरवून दाखवले. पाचरीच्या वर फट होती. त्यानं माझ्या पिशवीतून डोकावणारं पत्रक ओढलं, चार घड्या केल्या आणि फटीत सरकवलं. ते आरामात आत गेलं.

बाहेर येऊन त्यानं मला समजावलं. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ पळतं. जीपचंही तसंच. कान लांब केल्यावर हिचा पुढचा आस फिरला, तो कल गेला, आणि चाकं स्वतःहून सरळ यायचं विसरली. गचका बसला की नाचू लागली. कल परत आणायला पाचर लागते, पण लोखंडाची. ठेकेदारानं बंड्या बनवणाऱ्या सुताराकडून लाकडाची बसवून घेतली, तीही पावसाळ्यात. लाकूड भिजलेलं, फुगलेलं. म्हणून हिवाळा सरेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. उन्हाळ्यात सुकलं आणि सुटलं.

"तो लोखंडाची मांगे," बायको म्हणाली. "शेठ म्हणे, हा हंगाम निघू दे."

मिस्त्री तिच्याकडे न बघता बोलला, "एक गोष्ट तुमच्या मानसाची बी आहे बाई. पाणी पाजून पाजून ग्रीस धुवून टाकलं त्यानं. बेरिंग गंजलं ते त्यानं."

तिनं जाऊन जीपच्या चाकाला हात लावला. मग म्हणाली, "त्याले कोणी सांगतलं नाई."

गंजाचं हे मी गाळू शकले असते. दारूचं वाक्य होतं त्या जागी ठेकेदाराविरुद्धचं वाक्य टाकून नवं पत्रक छापणं सोपं होतं. पण एक बाई मेली आहे, आणि तिच्या मरणाचं कारण सोयीनं लिहिण्याचं काम मी एकदा केलं होतं. म्हणून दुसऱ्या पत्रकात पाचरही लिहिली, गंजही लिहिला. ते फारसं कुणी वाचलं नाही. पहिलं पत्रक अजून भिंतींवर आहे, मी ओलं करून खरवडते तरी अक्षरं राहतात.

त्यानंतर जीप ठेकेदाराला परत मिळाली. आठवड्यात लोखंडी पाचरी बसल्या, रंग लागला. आता ती सरळ चालते, आणि ती सरळ चालते हाच ड्रायव्हरविरुद्धचा पुरावा आहे. त्याचं लायसन जमा आहे. जामिनावर सुटल्यापासून तो धानाच्या बांधीत मजुरी करतो. त्याची बायको मला ताई म्हणते, पण अजून माझ्या घरात पाणी पीत नाही. खटला चालू आहे. मिस्त्रीची साक्ष झाली. वकिलानं त्याला विचारलं, तुम्ही चालती गाडी पाहिली होती का? त्यानं नाही म्हटलं. माझी साक्ष झाली, तर माझंच पत्रक माझ्यापुढे धरलं गेलं.

ज्या बाया रोज त्या जीपमध्ये बसत, त्या मला घरात एक सांगतात आणि बाहेर गप्प राहतात. पुढच्या हंगामात पत्ता त्याच ठेकेदाराच्या फळीवर द्यायचा आहे. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

पण जीपमध्ये बसणारे सगळेच पत्ता तोडणारे नव्हते. बाजाराला जाणारे होते, मास्तर होते, लग्नाचे वऱ्हाडी होते. त्या उन्हाळ्यात सानगडी ते दिघोरीच्या वाटेवर तुम्ही त्या उंच जीपमध्ये बसला असाल, स्टेअरिंग झटके देताना पाहिलं असेल, तो माणूस अंगाचं ओझं टाकून गाडी थांबवताना पाहिला असेल, तर पुढच्या तारखेला कोर्टात या आणि पाहिलं तेवढंच सांगा. एकटं यायला भीती वाटत असेल तर मला कळवा. मी तुमच्या दारी येईन आणि आपण एकाच एसटीनं जाऊ.