दुधासोबत घेतलेली गोळी

"गोळ्या नियमित घेतल्या असत्या, तर असं झालं नसतं," डॉक्टर म्हणाले.

पडद्यावर माझ्या पाठीचा एक्स-रे होता. एक मणका पुढच्या बाजूने दबला होता. मी पडले नव्हते, धडपडले नव्हते. बाजाराची पिशवी ओट्यावर ठेवताना पाठीत कळ आली, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली, तेव्हा ऑस्टिओपोरोसिस निघाला होता. यात हाडं आतून विरळ होत जातात. डीमन या डच गावातल्या आमच्या याच फॅमिली डॉक्टरांनी तेव्हा दोन औषधं दिली. रोज कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा ॲलेन्ड्रोनेट, म्हणजे हाडांची झीज रोखणारी गोळी. दहा मिनिटांत सगळं उरकलं. माहितीपत्रक डचमध्ये. माझा मुलगा अमेय त्यावर नजर टाकून म्हणाला, "आई, रविवारी सकाळी घे, बास."

मी एकही रविवार चुकवला नाही. अंगात ताप असताना घेतली, नातीच्या वाढदिवशी पाहुण्यांच्या गडबडीत घेतली. आणि आता हा माणूस मला खोटारडी ठरवत होता.

त्याच्याहून जास्त राग अमेयचा आला. परतताना ट्राममध्ये त्याने हळूच विचारलं, "आई, खरंच घेत होतीस ना?" एकाहत्तराव्या वर्षी पोटच्या पोराला पुरावे द्यायचे?

हॉस्पिटलची वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळाली. ते दिवस दुखण्याच्या गोळ्यांवर काढले. तिथल्या नर्सने मात्र वेगळंच विचारलं. "गोळी कशी घेता, ते सांगा."

मी सांगितलं. औषध उपाशीपोटी घेऊ नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून कपभर दूध आणि त्यासोबत दोन्ही गोळ्या एकदम. हाडांच्याच तर दोन्ही.

ती लिहायची थांबली. दूध आणि कॅल्शियम ॲलेन्ड्रोनेटला पोटातच अडवतात, ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही, असं तिने समजावलं. ती गोळी उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची, अर्धा तास ताठ बसायचं, मग खायचं. कॅल्शियम नंतर, जेवणासोबत.

दोन चांगली औषधं एकत्र घेऊन मी दोन वर्षं मातीत घातली. दर वेळी "घेता ना?" विचारणाऱ्याला एकदाही "कशी?" विचारावंसं वाटलं नाही. चूक माझीही आहे. "काही शंका?" म्हटलं की मी मान हलवून उठायचे, डॉक्टरांचा वेळ कशाला घ्या. तुमच्या घरी या गोळ्या सुरू झाल्या असतील, तर कशी घेता ते डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून सांगा. लाज वाटली तरी सांगा.

दबलेला मणका आता पूर्वीसारखा होणार नाही. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा माझ्या हाताला लागत नाही. त्या नर्सचे उपकार मात्र मी विसरणार नाही.

अमेयने हॉस्पिटलच्या दारातच माफी मागितली. मी "असू दे" म्हटलं नाही. आता दर रविवारी तो माझ्याआधी उठतो, पाण्याचा ग्लास आणून देतो आणि अर्धा तास समोर बसतो. तोवर त्यालाही चहा मिळत नाही.