शनिवारी तेल न भरणारे मिस्त्री

"थांबा, येतंय अजून."

गाडीखाली उकिडवे बसलेले मिस्त्री तळहात वर करून एवढं म्हणाले, की गिऱ्हाइकाने कितीही चुळबुळ केली तरी उपयोग नसे. इंजिनाच्या तळाचा बोल्ट काढलेला असे. जुन्या काळ्या तेलाची धार केव्हाच संपलेली असे. आता नुसते थेंब. एक थेंब पडला की दुसरा पडेपर्यंत आगगाडी कासारवाडीहून निघून चिंचवडला पोचली असती, पण मिस्त्री खालचा डबा हलवू देत नसत. जुन्याचा शेवटचा थेंब गेल्याशिवाय नवं तेल आत घालणं म्हणजे खरकट्या ताटात पक्वान्न वाढणं, असं त्यांचं मत होतं.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण गाडीचं तेल बदलायची वेळ आली की त्यांचा तो तळहात माझ्यासमोर येतोच.

मी तेव्हा चिंचवडला नुकताच दवाखाना थाटलेला डॉक्टर होतो. आठवड्यातले तीन दिवस आसपासच्या गावांत फेरी. त्यातली बुधवारची वाकडवरून माण गावाला. त्यासाठी मी एक मोटार घेतली होती. खडकीच्या छावणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना ती विकून गेला होता, आणि तीन हात फिरून ती माझ्या नशिबी आली होती. रंगाने काळी, चालीने संथ, आणि मधेच अडली तर ढकलल्याशिवाय न हलणारी. चिंचवडची पोरं तिला डाक्तराची म्हैस म्हणायची. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

कासारवाडीत मुंबईच्या रस्त्याला लागून मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. लढाईच्या दिवसांत ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते, तिथेच हे सगळं शिकले. पहिल्यांदा म्हैस त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी निघालेलं तेल अंगठा आणि बोटामध्ये चोळलं, नाकाशी नेलं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "चढाला फार रेमटवता तुमी, डाक्तर. गिअर बदलायचा आळस हाय." मी नाडी बघून एवढं सांगू शकलो असतो, तर माझा दवाखाना पुण्यात असता.

फिल्टर निवडणं हा तर त्यांचा सोहळाच. माझ्या गाडीचा मूळचा फिल्टर विलायतेहून येणं बंद झालं होतं. रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे, आणि एकदा मीही बरोबर गेलो. लष्करी भंगाराच्या ढिगातून ते एकेक फिल्टर उचलत, उन्हाकडे धरून आरपार बघत, गाल फुगवून त्यातून फुंकर मारत आणि कान देऊन ऐकत. फार घट्ट असला तर तेल त्यातून जाणार नाही, फार सैल असला तर घाण अडणार नाही. नापसंत पडलेला फिल्टर ते दुकानदाराच्या हातात परत ठेवत. "ह्यात चहा गाळा, भाऊ." शेवटी एका लष्करी लॉरीचा फिल्टर त्यांना आवडला. त्याला लोखंडी पट्टीचं कडं करून त्यांनी तो म्हशीच्या इंजिनाशेजारी असा बसवला, की जणू तो तिथेच जन्मला होता.

आता त्यांचा एक नियम सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. शनिवारी तेल घरात आणू नये, हे तुमच्याआमच्या घरात असतंच. मिस्त्रींनी ते इंजिनालाही लावलं होतं. शनिवारी ते जुनं तेल काढत, पण नवं भरत नसत. गाडी रात्रभर रिकामी ठेवून भरणा रविवारी सकाळी. गिऱ्हाइकं कुरकुरायची. पण रात्रभरात इंजिन असं निथळायचं की रविवारी भरलेलं तेल कितीतरी दिवस सोनेरी राहायचं. रिकाम्या गाडीच्या स्टिअरिंगला ते एक लाल फडकं बांधत. त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना त्याचा अर्थ ठाऊक होता. डॉक्टरला नव्हता.

त्या शनिवारी मुंबईहून माझा मित्र यायचा होता. तिथल्या मोठ्या इस्पितळात त्याने माझ्यासाठी जागा पाहून ठेवली होती, आणि महिनाअखेर मला हो किंवा नाही कळवायचं होतं. त्याला स्टेशनवर घ्यायला आपली मोटार न्यावी, अशी मला हौस आली. सकाळी तेल बदलायला सोडलेली गाडी घ्यायला संध्याकाळी शेडवर गेलो, तर मिस्त्री मारुतीला गेलेले. गाडी उभी होती, किल्ली माझ्याकडे होती. नवं तेल घालून झालंच असेल असं मी धरून चाललो. लाल फडकं सोडलं, त्यालाच हात पुसले आणि निघालो.

पिंपरीपर्यंतही पोचलो नाही. आधी इंजिन कण्हू लागलं, मग आतून कुणी हातोडी मारावी तशी ठकठक सुरू झाली. तेलाचा दाब दाखवणारा काटा कधीचाच मेला होता. मी गाडी थांबवली तेव्हा इंजिनातून करपलेला वास येत होता, आणि आपण काय केलं ते मला एकदम कळलं.

बैल लावून म्हैस परत शेडवर आणली. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मी मान खाली घालून उभा होतो. ते म्हणाले, "चूक माजी. फडक्याला तोंड न्हाई. पाटी लावायला पायजे व्हती."

"अहो, मी न विचारता नेली!"

"तुमी तापाचे डाक्तर. तुमाला काय म्हाईत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच पाटी लिहायला लावली: 'गाडी रिकामी आहे, हात लावू नये.' माझं अक्षर डॉक्टरचं असल्यामुळे ती कुणालाच वाचता आली नाही, म्हणून फडकं चालूच राहिलं.

पुण्याच्या एका गॅरेजवाल्याने येऊन इंजिनाला कान लावला आणि भंगारात घाला म्हणून सांगितलं. बेरिंगांवरचा मऊ पांढरा धातू खरवडून निघाला होता, आणि नवी बेरिंगं मिळण्यातली नव्हती. शेवटी टांग्याने घरी पोचलेला मित्र म्हणाला, "देवानेच कौल दिला. चल मुंबईला." मीही मनातून निघालोच होतो. मोटारीशिवाय ती गावं होणार नव्हती, आणि गावांशिवाय माझं तिथे काय होतं?

मंगळवारी मिस्त्री दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभे राहिले. "उद्या बुधवार. माणला जायचं ना?"

"कशाने जाऊ?"

"वाकडपल्याड खडी आणाया लॉरी जाती. तिच्यात बसवतो. फुडं चालत जावा."

मी लॉरीत बसून गेलो आणि पुढची वाट धुळीतून तुडवली. माणला एक म्हातारी होती. तिच्या पायाला जुनी जखम होती, हाडापर्यंत गेलेली. दर बुधवारी मी ती धुवून पट्टी बांधायचो. म्हातारी एरवी अबोल, पण पट्टी बांधताना दरवेळी एकच चौकशी करायची.

"गाडी कोन बघतो तुमची?"

"कासारवाडीचे मिस्त्री."

"नीट बघतो का?"

"फार नीट."

"व्हय का." एवढंच. हिला मोटारींचं वेड असावं, असं मी समजून चाललो होतो.

त्या दिवशी तिने विचारलं, "गाडी कुटं हाय?" पायी चालून मी वैतागलो होतो, सगळी हकिगत सांगून टाकली. चूक माझी असून मिस्त्री ती स्वतःवर घेतात, हेही सांगितलं. म्हातारीने नव्या पट्टीवरून हात फिरवला.

"बारका व्हता तवाबी असाच. थोरल्यानं मडकं फोडावं, आन मार ह्यानं खावा."

"म्हणजे आजी, तुम्ही ओळखता त्यांना?"

"माजाच हाय त्यो."

लढाईच्या वेळी घरातून पळून लष्करात गेला, बाप मेला तेव्हा मातीलाही पोचला नाही. तोंड दाखवू नको म्हणून आपणच निरोप धाडला, असं तिने सांगितलं. "त्यानं बी खरं मानलं," ती म्हणाली. अंतर ते कितीसं, पण पलीकडे कासारवाडीत बसलेल्या मुलाने इतकी वर्षं त्या गावची वाट धरली नव्हती.

परतलो तेव्हा मिस्त्रींनी इंजिन खोलून गोणपाटावर मांडलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पाय कसा हाय?"

"कुणाचा?"

"माणच्या म्हातारीचा."

मला खरं तर त्यांची थट्टा करायची होती, पण जमलं नाही. "भरत आलाय," मी म्हटलं. "पण अजून दोन महिने दर बुधवारी पट्टी व्हायला हवी. खंड पडला आणि जखम चिघळली, तर पाय काढावा लागेल."

मिस्त्रींनी धातू वितळवण्याची पळी उचलली. त्या दिवसापासून बाकीच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि शेडमध्ये फक्त म्हैस होती. त्यांनी जुन्या बेरिंगांवर नवा धातू ओतला, आणि मग चार दिवस बसून तो हाताने खरवडला. थोडा खरवडायचा, बसवून बघायचा, पुन्हा काढायचा. पुण्याहून तीन फिल्टर आणले. पहिले दोन जरा सैल, आतला कचरा धुवून काढायचे. तिसरा घट्ट, शेवटच्या परीक्षेचा.

परीक्षा अशी होती. पातळ तेल भरून गाडी पळवायची, मग तेल काढून फिल्टर कापून उघडायचा. आत चंदेरी कण चमकले, तर बेरिंग अजून झिजतंय. मग इंजिन गेलंच समजायचं. देहूरोडपर्यंत जाऊन आलो. माझ्या दवाखान्यातल्या पांढऱ्या ट्रेमध्ये त्यांनी फिल्टरचं कापड पसरलं. कण चांदण्यांसारखे लखलखत होते. "ह्यो आदीचा कचरा आसंल," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या खेपेला तळेगाव. कण कमी झाले, पण होते. तिसऱ्या खेपेला घट्ट फिल्टर लावून चाकण गाठलं आणि परत आलो.

तेल पुरतं निथळलं. मिस्त्रींनी फिल्टर कापला, कापड ट्रेमध्ये पसरलं, आणि चक्क तोंड फिरवलं.

"तुमीच बघा, डाक्तर. माजे डोळे खोटं बोलतील."

मी भिंग काढलं. कापडाची घडी न् घडी उलगडून पाहिली. नुसता काळा गाळ होता. असा सुंदर गाळ मी जन्मात पाहिला नव्हता.

"काही नाही, मिस्त्री."

"पुन्ना बघा."

"पुन्हा बघितलं. काही नाही."

ते मटकन खाली बसले आणि हसू लागले. मीही हसत होतो, आणि मला रडूही येत होतं. त्याच दुपारी मी मुंबईला पत्र टाकलं: येत नाही.

बुधवारी मी त्यांना गाडीत घातलं. नुकतंच जुळवलेलं इंजिन, वाटेत काही झालं तर, असं कारण काढलं. त्यांनाही ते कारण हवंच होतं. माणच्या वेशीवर मात्र ते उतरले आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "मी हितंच बरा. आवाज बघतो जरा." बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी पट्टी बांधली. म्हातारीने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. काठी मागितली. पाय टेकायला मी अजून परवानगी दिली नव्हती, पण ती मागत नव्हतीच. एकेक पाऊल टाकत ती वेशीपर्यंत आली आणि उघड्या बॉनेटपाशी उभी राहिली.

"वाकून वाकून पाठ गेली की रं तुजी."

मिस्त्री सरळ झाले. हातात तेल मोजायची पट्टी होती, तिच्यावर स्वच्छ सोनेरी तेल. काय करावं न सुचून त्यांनी ती पट्टीच आईपुढे धरली. "आये, हे बघ. साफ हाय."

म्हातारीने पट्टीकडे पाहिलंही नाही. त्यांचे दोन्ही हात धरले आणि आपल्या धुवट पदराने पुसायला लागली. काळं निघेना, तरी ती पुसतच राहिली. "जेवल्याबिगर जायचं न्हाई," ती म्हणाली.

पुढल्या बुधवारी मी कासारवाडीवरून निघालो तेव्हा शेडला कुलूप होतं. रांगेतले दोन ड्रायव्हर मिस्त्रींच्या नावाने ओरडत होते. मिस्त्री मात्र धुतलेला सदरा घालून, डोक्याला तेल लावून रस्त्याच्या कडेला उभे होते.

"इंजिनाचा आवाज ऐकाया येतो," ते म्हणाले.

मी दार उघडलं.